पूरक म्हणजे पर्यायी नव्हे : स्तनाचा कर्करोग आणि योग

'पूरक' आणि 'पर्यायी' हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. पण पूरक वाचन म्हणजे काय, हे चौथीच्या मुलालाही ठाऊक असतं. पाठ्यपुस्तक तर वाचायचंच, शिवाय आणखी थोडं. स्तनाच्या कर्करोगात योगाची जागा हीच आहे. पाठ्यपुस्तक म्हणजे ऑपरेशन, केमो, रेडिएशन (आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात ते) आणि हार्मोनच्या गोळ्या.

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कर्करोग हाच. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. तुमच्या नात्यात किंवा शेजारी कुणीतरी असेलच. अशा बाईला भेटायला येणारे लोक काय काय सांगून जातात! "केमो नको, केस जातील, त्यापेक्षा प्राणायाम कर." हे ऐकून उपचार सोडू नका, कुणाला सोडू देऊ नका. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त आढळला. योगाने गाठ विरघळत नाही.

मग योग कशासाठी? मुख्यतः थकव्यासाठी. हा थकवा शेतातून आल्यावर येतो तसा नसतो, रात्रभर झोपूनही तो जात नाही. घरच्यांना वाटतं, बाई आळस करते. अमेरिकेतील ओहायो येथे उपचार पूर्ण झालेल्या २०० स्त्रियांवर अभ्यास झाला. आठवड्यातून दोनदा, दीड तास, असा १२ आठवडे योग केलेल्यांमध्ये पुढे तीन महिन्यांनीही थकवा कमी होता, आणि शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील घटकही कमी होते. झोप सुधारते, असंही अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला अभ्यास तर त्याहून मोठा, ८५० स्त्रियांचा. निम्म्यांना योग, निम्म्यांना नेहमीचा व्यायाम. डिसेंबर २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत योगाच्या गटात रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणात तुलनेने १५ टक्के सुधारणा सांगितली गेली. इथे गणित नीट समजून घ्या, कारण बातम्यांत इथेच घोटाळा होतो. १५ टक्के म्हणजे शंभरातल्या १५ जणी जास्त बऱ्या झाल्या, असं नव्हे. समजा शंभरात २० जणींना रोग उलटणार असता, तर त्या २० चे १५ टक्के, म्हणजे ३. आणि दोन्ही गटांतल्या बायकांचे उपचार चालूच होते, हे विसरू नका.

आता काळजीचं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. अंगठी, बांगडी घट्ट वाटू लागली की समजावं. म्हणून त्या हातावर अंगाचा भार टाकणारी आसनं सुरुवातीला नकोत. सर्जनने परवानगी दिली की भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवत न्यायची. खांदा आखडू नये म्हणून हा साधा व्यायाम फार उपयोगी. रोग हाडांत पसरला असेल किंवा गोळ्यांनी हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ जोरात वाकवणं, पिळणं टाळायचं. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, त्या दिवसांत गर्दीच्या योगवर्गाला न जाता घरीच सावकाश श्वसन, भ्रामरी, शवासन करावं. शीर्षासन, सर्वांगासन आणि जोरजोरात कपालभाती यांची घाई कुणीही करू नये.

योगशिक्षकाकडे पहिल्या दिवशी जाताना डिस्चार्जचा कागद सोबत न्या. कोणत्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या का, केमो चालू आहे का, हे त्यांना आधी सांगा. हे न विचारताच "चला ताई, सूर्यनमस्कार घालूया" म्हणणारा शिक्षक असेल, तर सरळ दुसरा शोधा.