आजोबांची बंदूक नातवाच्या नावावर कधी?

प्रश्न : आजोबांची शेतराखणीची ठासणीची बंदूक आहे. त्यांचं वय 76. शेती मी बघतो, पण मी 19 चा, म्हणून परवाना माझ्या नावावर होत नाही म्हणतात. मत 18 व्या वर्षी देता येतं, मग बंदुकीलाच अडचण का?
— एक वाचक, राधानगरी तालुका, जि. कोल्हापूर

उत्तर : सांगतात ते खरं आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 9 प्रमाणे 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंदूक विकत घेता येत नाही, बाळगताही येत नाही. मूळ कायद्यात ही अट 16 वर्षांची होती. 1983 च्या दुरुस्तीत ती 21 झाली. अमेरिकेत हा वाद अजून मिटलेला नाही. 2018 साली फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले. मारणारा 19 वर्षांचा, रायफल मात्र रीतसर दुकानातून घेतलेली. त्यानंतर त्या राज्याने रायफल खरेदीचं वय 18 वरून 21 केलं.

मत चुकलं तर पुढच्या निवडणुकीत बदलता येतं. बांधाच्या नाहीतर पाण्याच्या पाळीच्या भांडणात भावकी कुठल्या थराला जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळी तरण्या पोराच्या हाताशी भरलेली बंदूक नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेमबाजी शिकायची असेल तर वाट मोकळी आहे. ठरलेल्या वयानंतर, नियमांच्या चौकटीत, प्रशिक्षणासाठी शस्त्र वापरायला हाच कायदा मुभा देतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिला विसावंही पूर्ण व्हायचं होतं.

आता तुमच्या घरचं. परवानाधारक सत्तरीपुढे गेला की कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो वडिलांच्या नावाने जिल्हाधिकारी कार्यालयात करा. पोलिसांचा अहवाल गेल्यावर निर्णय होईल. तोवर आजोबांनी हातात दिली तरी बंदूक घेऊन रानात जाऊ नका. विनापरवाना बंदुकीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद आहे. परवाना असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं हा गुन्हाच. पिकाची नासधूस झाली तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.