लंगडणं थांबलं, तरी घोडी थांबवा

शिगमोत घोडेमोडणी पाहत वाढलेल्या पेडणे-डिचोलीच्या माणसाला घोडा परका नाही. पण जित्याजागत्या घोड्याची पागा आमच्या भागात विरळाच. त्यामुळे त्याच्या पायाची पारख असलेला माणूस हाकेच्या अंतरावर नसतो, आणि अडल्या वेळी जो भेटेल त्याचा सल्ला ऐकला जातो. म्हणून हा अनुभव सांगतो आहे.

मांद्र्याच्या किनाऱ्यावर कोरड्या, भुसभुशीत वाळूत दुडक्या चालीने जाताना माझी घोडी पुढचा डावा पाय राखू लागली. संध्याकाळपर्यंत गुडघ्याखाली, नळीच्या मागची बाजू फुगली आणि हाताला ऊन लागू लागली. थंड पाणी आणि विश्रांती यांनी काही दिवसांत सूज उतरली, लंगडणंही गेलं. ‘बरी झाली, आता फिरवा,’ असं जो तो म्हणू लागला. पशुवैद्यांनी मात्र आधी सोनोग्राफी करायला लावली. कंडरेच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, गाभ्यातले तंतू तुटून झालेला काळा डाग पडद्यावर स्पष्ट दिसत होता. वरून धडधाकट दिसणारा पाय आतून फाटलेला होता.

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात. हाडाला धरून कंडरा आणि लिगामेंट असतात, आणि धावताना त्याच ताणल्या जाऊन परत आखडतात. भरधाव वेगात कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून येणंही संथ. दुखणं काही दिवसांत ओसरतं, पण कंडरा सांधायला नऊ महिने ते वर्ष लागतं. नवे तंतू मूळच्यासारखे लवचिक नसतात, त्यामुळे घाई केली की त्याच जागी किंवा तिच्या शेजारी पुन्हा फाटतं.

पायाला ऊब वा सूज जाणवली की त्या क्षणी काम बंद करा. पहिले काही दिवस दिवसातून तीन-चार वेळा, दर खेपेस वीसेक मिनिटं पायावर गार पाणी सोडा. चोळू नका, शेकू नका. जाणकाराकडून पट्टी बांधून घ्या, आणि भार पेलणाऱ्या दुसऱ्या पायालाही बांधा. वेदनाशामक डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. दुखणं दाबून कामाला जुंपणं म्हणजे जखम वाढवणं. सोनोग्राफी साधारण आठवड्याभराने करा, कारण पहिल्या दिवसांत इजा पसरत असते आणि पूर्ण दिसत नाही. पुढे हातात धरून दहा मिनिटांच्या चालीपासून सुरुवात करा आणि दर टप्प्यावर पुन्हा तपासणी करून वेळ वाढवा.

पाय डागण्याचा सल्ला मलाही मिळाला. तो कुणी दिला तरी मानू नका. ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डागण्याने कंडरा लवकर किंवा चांगली सांधते असं आढळलं नाही. जनावराच्या वाट्याला येतात त्या फक्त वेदना.

इजा टाळणं आपल्या हाती बरंच आहे. किनाऱ्यावर न्यायचं तर ओहोटी पाहून ओलसर, घट्ट वाळूवरून न्या. कोरड्या वाळूत दौड नकोच. डिचोलीकडच्या जांभ्याच्या चढउतारावर चालीनेच जा. दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवा, कारण खुराचा पुढचा भाग लांबला आणि टाच खचली की मागच्या कंडरेवर ताण वाढतो. पावसाळाभर बांधून ठेवलेला घोडा एकदम पळवू नका. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा घेताना चारही नळ्यांवरून हात फिरवा आणि पैसे मोजण्याआधी सोनोग्राफी करून घ्या.

खोगीर चढवण्यापूर्वी आणि काम संपल्यावर रोज चारही पाय हातांनी चाचपा. निरोगी पायाचा स्पर्श ओळखीचा झाला की बिघडलेला पाय लगेच कळतो. घोडा फिरवून होणारी सुट्टीच्या हंगामातली कमाई हातची गेली तर पुढच्या वर्षी मिळेल. फाटलेल्या कंडरेवर पळवलेला घोडा मात्र जन्माचा अधू होतो. आपल्या दारात आणलेल्या मुक्या जिवाला तेवढा वेळ देणं आपलं कर्तव्य आहे.