समझोता मी मागितला नव्हता

आमच्या विभागात अजूनही बोललं जातं की मी आधी समझोत्याला तयार होते आणि नंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून उलटले. हे खोटं आहे. ते कसं तयार झालं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांनी काय केलं ते लैंगिक छळाच्या तक्रारीत आहे आणि विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीने ते मान्यही केलंय. ते इथे पुन्हा उगाळणार नाही. पीएचडी करणाऱ्या मुलींना जास्त सांगायची गरजही नाही. सहामाही प्रगती अहवाल, फेलोशिपचं हजेरीपत्रक, सिनॉप्सिस, सगळ्यावर त्याच एका माणसाची सही लागते.

तक्रार दिल्यावर थोड्याच दिवसांत समितीच्या अध्यक्ष मॅडमचा फोन आला. "औपचारिक काही नाही गं, जरा बोलू." गेले तर विभागप्रमुखही बसलेले. चहा आला. मॅडम म्हणाल्या, "बेटा, सर तुझ्या वडिलांच्या वयाचे आहेत." विभागप्रमुख म्हणाले, "आपण एका घरातली माणसं. तुझा थिसिस वेळेत होणं महत्त्वाचं, नाही का?" मी म्हटलं, थिसिस तर व्हायलाच हवा. त्या विषयावर मी एवढंच बोलले.

निघताना लिपिकाने कागद पुढे केला, "हजेरीची सही." माझी आई तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली. वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही आमच्या घरची शिस्त. मी उभ्या उभ्या वाचलं. "शोधप्रबंध वेळेत पूर्ण व्हावा या दृष्टीने अर्जदाराने सदर प्रकरणी सामोपचाराने मार्ग काढण्याची इच्छा व्यक्त केली."

आधी वाटलं, माझं बोलणं चुकीचं ऐकलं असेल. मग लक्षात आलं की कागद टाइप केलेला आहे. आम्ही बोलत असताना खोलीत कुणीही काही लिहून घेत नव्हतं, लिपिक तर दाराबाहेर होता. म्हणजे माझी इच्छा मी तिथे पोहोचायच्या आधीच टाइप होऊन पडली होती. चहा, 'बेटा', थिसिसची काळजी, सगळं त्या एका वाक्याखाली माझी सही घेण्यासाठी होतं. हात थरथरत होता तरी मी खाली लिहिलं, "वरील विधान मी केलेले नाही. मला चौकशी हवी आहे." तारीख घातली, सही केली, मोबाइलवर फोटो काढला. मॅडम म्हणाल्या, "इतका अविश्वास बरा नाही." त्या आवाजातला दुखावलेपणा मला आजही सहन होत नाही. दुखावलं कुणाला होतं?

त्यांना ते वाक्य का हवं होतं हे घरी येऊन नियम वाचल्यावर कळलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार समझोता फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होऊ शकतो. समितीला तो स्वतःहून सुचवता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे नियम तर आणखी स्पष्ट आहेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांपैकी कुणीही समितीचं सदस्य असता कामा नये. आमचे विभागप्रमुख म्हणे 'निमंत्रित' होते. बाहेरच्या संस्थेतली एक सदस्य हवी आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत. तुमच्या समितीत कोण आहे हे आजच विचारा, तक्रार नसतानाही.

तक्रार लेखी द्या आणि आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, मॅडमना देते" म्हणणाऱ्या बाई चांगल्या असतील, पण पोच म्हणजे पोच. घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. धीर सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या, तब्येत सांभाळा, हे सगळे सांगतात, मीही सांगते.

पण जे मला कुणीच सांगितलं नाही ते हे: चौकशी चालू असताना त्या माणसाला तुमचं काम तपासण्यापासून, परीक्षेपासून, तुमच्याबद्दल अहवाल देण्यापासून दूर ठेवा, अशी मागणी तुम्हाला करता येते. नियमात ते लिहिलेलं आहे. मी अर्ज केल्यावर माझ्या हजेरीपत्रकावर दुसऱ्या प्राध्यापकांची सही चालू लागली. तोवर माझी फेलोशिप अडकली होती आणि समितीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

आणखी एक गोष्ट, लिहिताना जड जाते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना आपली बाजू मांडायची पूर्ण संधी मिळतेय ना, हे तुम्हीही पाहा. गोवा विद्यापीठातल्या २००९च्या एका प्रकरणात समितीने बैठकांची घाई केली. प्राध्यापकाला बडतर्फ केलं, मुंबई उच्च न्यायालयाने ते कायमही ठेवलं, पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी. त्या तक्रारदार मुलींचा विचार मनात आला की पोटात गोळा येतो. म्हणून तक्रारीची प्रत समोरच्या माणसाला सात दिवसांत जाऊ दे, उत्तराला त्याचे दहा दिवस मिळू देत, आणि मग चौकशी ९० दिवसांत संपवा असं लेखी मागा. आमच्याकडे ते ९० दिवस कधीच मागे पडले. दर तारखेला कुणीतरी परदेशी, कुणीतरी आजारी.

जातीवरून होणाऱ्या त्रासाचा रस्ता वेगळा आहे. माझ्या लॅबमधल्या ज्युनिअरने आपल्या जबाबात जातीवरचे टोमणेही सांगितले, तर "हा आमचा विषय नाही" म्हणून ते वाक्य गाळलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या नियमांनुसार विद्यापीठात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा, हे तिला सांगण्याची तसदी कुणी घेतली नाही. तेच नियम अमलात आणा म्हणून रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आया २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुलं गमावलेल्या आयांना हे मागावं लागतं आणि आमच्या विद्यापीठात त्या अधिकाऱ्याच्या दारावर पाटीसुद्धा नाही.

समितीने अखेर माझ्या मार्गदर्शकांना दोषी ठरवलं. शिक्षा काय, तर एक वेतनवाढ रोखली. त्यानंतरच्या चर्चासत्रात त्यांनी बीजभाषण केलं आणि अध्यक्ष मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. समितीच्या शिफारशी पटल्या नाहीत तर ३० दिवसांत अपील करता येतं. मी केलं आहे. त्यांना यापुढे एकही नवी विद्यार्थिनी देऊ नये, एवढीच त्यात माझी मागणी आहे, आणि "आता डिग्री मिळाली, सोडून दे" म्हणणाऱ्यांना सांगते, ते अपील मी मागे घेणार नाही.