स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल : रुग्ण, कुटुंबीय व हितचिंतकांसाठी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दोन-तीन दिवसांनी घरी जाण्यास निघतो, तेव्हा बिलाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "आता पूर्वीसारखे जेवण कधीपासून सुरू करायचे?" प्रश्न आपुलकीचा असतो. हर्निया किंवा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्वीसारखा जेवू-खाऊ लागला म्हणजे तो बरा झाला, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे पूर्वीच्या जेवणाकडे परत जायचे नसते. नव्या जेवणाची, नव्या दिनक्रमाची सवय लावून घ्यायची असते, आणि ती रुग्णाइतकीच त्याच्या घरालाही लावून घ्यावी लागते. हे ज्या घरात उमगते तेथे शस्त्रक्रिया फळास येते. या अहवालाच्या वाचकांपुढे हाच विषय थोडा विस्ताराने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शस्त्रक्रिया कोणती व कोणासाठी

ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी केली जात नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, गुडघ्यांची झीज असे विकार स्थूलतेच्या पाठोपाठ येतात आणि केवळ आहार-व्यायामाने ते आवरत नाहीत, तेव्हा हा पर्याय विचारात घेतला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, बी.एम.आय. २५ किंवा त्याहून अधिक असलेल्या भारतीय स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पुरुषांमध्ये ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. आपल्याकडील लोकांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेह जडतो. म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई रुग्णांसाठी २७.५ बी.एम.आय.पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो असे म्हटले आहे. निर्णय अर्थातच प्रत्येक रुग्ण तपासूनच घ्यावयाचा असतो.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया वजन घटविण्यासाठी प्रथम केली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी तयार करून ती लहान आतड्यास जोडतात. दुसरी प्रचलित शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्या भागास अरुंद नळीचा आकार देतात. दोन्ही आता बहुतेक वेळा दुर्बिणीद्वारे होतात; त्यामुळे पोटावर केवळ लहान छेद दिसतात. बाहेरची जखम लहान असली तरी आतील बदल मोठा आहे, याचे भान ठेवावे.

पहिले सहा ते आठ आठवडे

शस्त्रक्रियेच्या दिवशी सायंकाळीच रुग्णास उठवून चालविले जाते. पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये हा त्यामागील हेतू असतो. "अजून अशक्त आहे, पडून राहू द्या" हा घरच्यांचा आग्रह येथे हिताचा नाही. घरी गेल्यावरही दिवसातून अनेक वेळा थोडे-थोडे चालावे. कार्यालयीन बैठे काम साधारण दोन ते चार आठवड्यांनी सुरू करता येते. पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, लहान मूल असे वजन उचलणे मात्र शल्यविशारद परवानगी देईपर्यंत टाळावे.

आहाराच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आरंभी एक-दोन दिवस शहाळ्याचे पाणी, गाळलेले सूप असे पारदर्शक द्रवपदार्थ. नंतर सुमारे दोन आठवडे साय काढलेले दूध, ताक, मुगाचे पातळ कढण. पुढील दोन आठवडे घोटलेले वरण, मऊ शिजवून कुस्करलेल्या भाज्या. त्यानंतर मऊ खिचडी, पनीर, उकडलेले अंडे. आणि सहा ते आठ आठवड्यांनी घरचा नेहमीचा स्वयंपाक, परंतु अल्प प्रमाणात. एखादी पायरी गाळून पुढे जाऊ नये. आतील टाके भरून येण्यास वेळ द्यावाच लागतो.

पुढील लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा : ताप, विश्रांतीतही नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या पुढे जाणे, पोटात वाढत जाणारी वेदना, दम लागणे, एका पोटरीला सूज व दुखणे, काळी शौचास होणे, पाण्याचा घोटही पोटात न टिकणे. अनेक दिवस सतत उलट्या होत राहिल्या तर शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपुष्टात येऊन मेंदूस इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, चालताना झोक जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची चिन्हे आहेत. "पित्त झाले असेल" असे समजून घरगुती उपाय करीत बसू नये.

मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांबाबतही सावध असावे. वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, रक्तातील साखर खाली येऊ लागते. जुन्या चिठ्ठीप्रमाणे गोळ्या वा इन्सुलिन चालू ठेवले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. औषधांचे प्रमाण वैद्यांकडून नव्याने ठरवून घ्यावे.

स्वयंपाकघरातील बदल

नव्या जठरात थोडेच मावते. म्हणून जे मावेल त्यात प्रथिनांचा मान पहिला. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा सर्वसाधारण दंडक आहे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातूनही तितकीच, तर १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोळी-भाताने पोट भरणाऱ्या शाकाहारी घरात हा आकडा सहज गाठला जात नाही. दही, पनीर, डाळी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, सोयाबीन यांची जाणीवपूर्वक योजना करावी लागते. ताटात प्रथम वरण-उसळ अथवा अंडी-मासे, नंतर भाजी, आणि जागा उरली तर भात वा भाकरी, असा क्रम ठेवावा. मऊ पोळी व गोळा होणारा भात काहींना आरंभी अडकल्यासारखा वाटतो. घाई न करता बारीक चावून खाल्ल्यास हा त्रास कमी होतो.

जेवताना पाणी पिण्याची आपली सवय मोडावी लागते. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट-घोट प्यावे. मात्र दिवसभरात दीड लिटर तरी पाणी पोटात जावे. बायपास झालेल्या रुग्णाने उसाचा रस, गुलाबजाम, बासुंदी असे गोड खाल्ल्यास अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास होऊ शकतो. वैद्यकीय भाषेत यास डंपिंग म्हणतात. रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक मांडण्यापेक्षा घरातील सर्वांचेच तेल-साखर बेताचे केल्यास रुग्णास एकटे पडल्यासारखे वाटत नाही, आणि घरच्यांनाही लाभ होतो.

सण, पंगत व उपवास

आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होते. "एक घास आमच्या नावाचा" हा आग्रह मोडवत नाही, आणि पानात टाकणेही प्रशस्त वाटत नाही. दोन चमचे अधिक खाल्ले तरी छातीत दाटणे व उलटी हा या रुग्णाचा अनुभव असतो. अशा वेळी घरातील ज्येष्ठांनी पुढे होऊन "यांना थोडेच वाढा" असे सांगितले, तर रुग्णाची अवघडलेली स्थिती टळते. उपवासाचे दिवसही विचार करावयास लावणारे आहेत. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सर्व पिष्टमय पदार्थ व तेल. प्रथिने देतील ते त्यातील शेंगदाण्याचे कूट. हरितालिकेसारखा निर्जळी उपवास अथवा रमजानचा रोजा वैद्यांना विचारल्याखेरीज करू नये, कारण या रुग्णांस शरीरातील पाणी एकदम भरून काढता येत नाही.

गोळ्या आयुष्यभर

अन्नच कमी जाते, आणि बायपासमध्ये ते शोषणाऱ्या आतड्याचा काही भाग वगळला जातो. म्हणून जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व बाहेरून घ्यावे लागते. कॅल्शियमचे प्रमाण अन्न व गोळ्या मिळून दिवसाला साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम असावे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र न घेता त्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. शाकाहारी रुग्णांत ब-१२ मुळातच कमी आढळते. त्यांनी विशेष दक्ष राहावे. या गोळ्या "ताकदीच्या" म्हणून मनाला येईल तेव्हा बंद करावयाच्या नाहीत. कमतरता लगेच दिसत नाही. ती एक-दोन वर्षांनी पंडुरोग, हातापायांस मुंग्या, हाडांचे दुखणे अशा रूपाने पुढे येते.

इब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर टाळाव्यात. जोडाच्या जागी व्रण होण्याची भीती असते. धूम्रपानाने ती अधिक वाढते. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री ही सर्वच सुटलेली बरी. मद्य तर या रुग्णांस फार लवकर व फार अधिक चढते. त्यापासून दूर राहावे.

शरीर व मन

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात. रुग्ण, विशेषतः भगिनी, त्याने घाबरून जातात. प्रथिने व लोह योग्य राखल्यास केस बहुधा पुन्हा येतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. त्यासाठी काही महिने औषध दिले जाते. अनियमित पाळीमुळे अपत्यप्राप्ती न झालेल्या स्त्रियांस आता अचानक गर्भधारणा होऊ शकते. परंतु माता व बाळ दोघांच्या पोषणासाठी १२ ते १८ महिने ती लांबणीवर टाकणे हिताचे. बायपासनंतर तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा खात्रीच्या राहत नाहीत, म्हणून अन्य साधनाविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

नातेवाईक भेटतात व म्हणतात, "किती उतरलीस, आजारी का?" ज्या वजनावरून काल टोमणे होते, त्याच्या घटण्यावरून आज कीव केली जाते. सैल पडलेली त्वचा आरशात दिसते. दुःखात, कंटाळ्यात ज्या खाण्याचा आधार होता तो गेलेला असतो. काही रुग्णांस यातून खिन्नता येते. ती कृतघ्नता नव्हे. उपचार करण्याजोगी अवस्था आहे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच बाळगू नये.

हिशेबाची दुसरी बाजू

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेले २०१० व न झालेले २०३७ असे रुग्ण सरासरी सुमारे ११ वर्षे पाहिले गेले. पहिल्या गटात १०१, तर दुसऱ्यात १२९ मृत्यू झाले. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते याचा हा भक्कम पुरावा होय. त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले, परंतु दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे काही वजन परत येते. तो रुग्णाचा पराभव मानू नये; मात्र ते येऊ लागताच कोणीतरी पाहणारे हवे. म्हणूनच पहिल्या वर्षी १, ३, ६ व १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणीस येणे आवश्यक आहे. २०२५ पासून भारतात उपलब्ध झालेल्या वजन घटविणाऱ्या नव्या इंजेक्शनांनाही हाच न्याय लागू आहे : औषध थांबविले की वजन बहुधा परतते.

वाणिज्य शाखेत भांडवली खर्च व आवर्ती खर्च हा भेद शिकविला जातो. शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च आहे. त्यासाठी कुटुंबे दागिने मोडतात, देणगीदार उदारपणे पुढे येतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या सूचनांनंतर ४० वरील, अथवा ३५ वरील व गंभीर सहव्याधी असलेल्या बी.एम.आय.च्या रुग्णांस अटींसह विम्याचाही आधार मिळू शकतो. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. परंतु खाट ही त्या चार दिवसांची गरज होय. पुढील वीस-तीस वर्षांच्या गोळ्या, वार्षिक रक्ततपासणी, आहारतज्ज्ञाचा सल्ला आणि गावाहून येण्याचे बसभाडे, हा आवर्ती खर्च कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ज्याच्या घरी महिनाअखेरीस रेशन व गोळ्या यांत निवड करावी लागते, तो गोळ्या सोडतो. वजन उतरले, मग तपासणी कशाला, असे म्हणून येणेही थांबवितो. भांडवल गुंतवून देखभालीची तरतूद न केलेल्या यंत्राची जी गत, तीच येथे होण्याचा संभव असतो. फरक इतकाच की येथे ते यंत्र नसून कुणाची तरी आई अथवा कुणाचा तरी कर्ता मुलगा असतो.

म्हणून कुटुंबीयांस विनंती आहे की, पुढील तपासणीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी रुग्णासोबत एकाने तरी यावे. विश्वस्त व देणगीदार बंधु-भगिनींस नम्र निवेदन आहे की, एखाद्या शस्त्रक्रियेचा भार उचलताना त्याच रुग्णाच्या पुढील पाच वर्षांच्या औषधांचा व तपासण्यांचाही विचार व्हावा. अशा दानाची कोनशिला बसत नाही आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही. परंतु शस्त्रक्रियेसाठी दिलेला प्रत्येक रुपया अखेर त्यामुळेच सार्थकी लागतो.