दोन वर्षांचा एम.सी.ए. आणि सात वर्षांचे हप्ते



बारावीनंतर बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. करणारी आपल्या राखोली, सायली, मसाट भागातली मुले पदवी हातात येताच एकच प्रश्न विचारतात. पिपरियाच्या किंवा खडोलीच्या एखाद्या कारखान्यात संगणकावरची नोकरी धरावी, की कर्ज काढून एम.सी.ए. करावे? पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला आहे. एका वर्षाचा खर्च वाचला, त्यामुळे कर्ज काढायचा मोहही वाढला. उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असेल, पण गणित सगळ्यांना सारखेच लागू आहे. ते शाळेत शिकलेल्या सरळव्याजापासून सुरू होते.

समजा शुल्क व वसतिगृह मिळून तीन लाख रुपये कर्ज घेतले; दीड लाख पहिल्या वर्षी, दीड लाख दुसऱ्या वर्षी. हिशेबाच्या सोयीसाठी व्याज दहा टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पुष्कळ पालकांना वाटते की या काळात व्याजही थांबते. तसे नाही. पहिल्या वर्षी १५,००० आणि पुढची दोन वर्षे ३०,००० प्रमाणे तीन वर्षांत ७५,००० रुपये सरळव्याज जमते व ते मुद्दलात मिळवले जाते. म्हणजे फेड सुरू होते ती ३,७५,००० वर.

ही रक्कम सात वर्षांत फेडायची तर महिना सुमारे ६,२२५ रुपये हप्ता बसतो आणि एकूण ५,२२,९०० भरावे लागतात. बँक पंधरा वर्षांपर्यंत मुदत देते. तेव्हा हप्ता ४,०३० वर येतो, पण एकूण भरणा सव्वासात लाखांच्या पुढे जातो. लहान हप्ता पाहून समाधान मानणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा जरूर पाहावा.

आता दुसरी बाजू. ज्या दोन वर्षांत मुलगा शिकतो, त्या दोन वर्षांत तो कमावत नाही. पदवीनंतर त्याला इथे १५,००० ची नोकरी मिळाली असती असे धरले, तर ३,६०,००० रुपये हातचे गेले. हा खर्च कुठल्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून घरात त्याची चर्चाही होत नाही. कर्जफेड आणि बुडालेला पगार मिळून ८,८२,९०० झाले. दोन वर्षांच्या अनुभवावर तो इथेच १८,००० कमावू लागला असता, आणि एम.सी.ए. नंतर त्याला २५,००० मिळाले, तर फरक ७,००० चा. हप्ता भरून महिन्याला ७७५ उरतात! फरक तेवढाच राहिला तर सगळे भरून यायला साडेदहा वर्षे लागतील. पगार ३३,००० मिळाला तर तेच पाच वर्षांच्या आत भरून येते. तेव्हा सारा निर्णय त्या पहिल्या पगारावर ठरतो. पुण्यात नोकरी लागली तर खोलीभाडे आणि मेसही त्यातूनच जाणार, हे वेगळे.

मग पगाराचा अंदाज कसा घ्यायचा? माहितीपुस्तिकेत सर्वांत मोठे पॅकेज ठळक अक्षरांत छापलेले असते; ते एका विद्यार्थ्याचे असते. सरासरीही फसवते. पाच मुलांचे पगार १८, २०, २२, २५ आणि ९० हजार असतील तर सरासरी ३५ हजार येते, प्रत्यक्षात चौघांना त्याहून कमी मिळते. मध्यक काढला तर २२ हजार. कॉलेजला मध्यक विचारा, आणि किती जणांना नोकरी लागलीच नाही तेही विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर त्यावरून काय समजायचे ते समजा.

सवलतींबद्दल थोडे. घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हप्ता नसलेल्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. मात्र संस्थेच्या मानांकनाची अट असते. आपल्या उदाहरणात ते ७५,००० वाचून हप्ता ४,९८० वर येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. आपण मराठी असलो तरी दादरा नगर हवेलीचे रहिवासी आहोत, हे पुण्या-नाशिकला प्रवेश घेताना लक्षात ठेवावे. महाराष्ट्र सरकारची शुल्कसवलत महाराष्ट्राच्या अधिवासावर मिळते, मातृभाषेवर नाही. शेजारच्या मुलाला निम्मे शुल्क आणि आपल्याला पूर्ण, असे होऊ शकते.

नोकरी करत शिकण्याची वाटही आहे. इग्नूचा एम.सी.ए. दूरशिक्षणाने होतो, शुल्क कमी आणि पगार चालू राहतो. त्यात कॉलेजमार्फत मिळणाऱ्या मुलाखती नसतात, आणि पाळी करून रात्री अभ्यासाला बसणे सोपे नाही.

पालकांनी सही करण्यापूर्वी एवढे जाणावे की शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, पण हप्ते थकले तर पालकांचेही नाव खराब होते आणि धाकटीच्या शिक्षणाच्या वेळी बँक तेच कागद पाहते.

विश्वस्त मंडळासाठी एक सूचना. पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि नंतर २,५०० रुपये व्याज वेळच्या वेळी भरले गेले, तर ते मुद्दलात चढत नाही. सात वर्षांच्या हिशेबात सुमारे २९,५०० रुपये वाचतात. काही बँका अशांना दरातही सूट देतात. ज्या घरांना एवढेही झेपत नाही, अशा दोन-तीन विद्यार्थ्यांचे व्याज मंडळाने भरावे आणि नोकरी लागल्यावर ते बिनव्याजी परत घ्यावे. एका विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत ७५,००० रुपये लागतील.