किराण्याची यादी आपल्या हातानं लिही

भाच्या, शुगर निघाली म्हणून हातपाय गाळू नकोस. आपल्या देशात दहा कोटींहून जास्त माणसं मधुमेह घेऊन जगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचा हा आकडा 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यातली कितीतरी माणसं धडधाकट आहेत, शेत कसतात, दुकान सांभाळतात, नातवंडं खेळवतात. मला काळजी लागली ती तुझ्या बोलण्यानं. फिरतीची नोकरी आहे, सूनबाईला भाकरी जमत नाही, ऑफिसात रोज कोणाचा तरी वाढदिवस असतो, आणि आपल्या घराण्यातच साखर आहे, असं तू एका दमात सांगितलंस. चारही गोष्टी खऱ्या असतील. पण त्या चारांत तू कुठेच नव्हतास.

मी नवापुरात उभा जन्म किराणा विकला. किराणा दुकानदाराला घराघराचं पोट कळतं. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, असं काउंटरवर सांगणाऱ्या माणसाच्या यादीत साखर मागच्या महिन्याइतकीच असे. विचारलं की उत्तर तयार, पोरांना लागते, पाहुणे येतात. मी ती साखर बांधून दिली, कारण तो माझा धंदा होता. पण तू गिऱ्हाईक नाहीस, बहिणीचा मुलगा आहेस. म्हणून तुला सांगतो ते कान देऊन ऐक.

पहिली गोष्ट, महिन्याच्या सामानाची यादी यापुढे तू लिही. बायकोनं नाही, आईनं नाही, फोन केला की पोहोचवणाऱ्या दुकानानंही नाही. तू लिही आणि लिहिताना हिशोब कर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला माणशी 25 ग्रॅमच्या आत राहिली तर चांगलं. हे सगळ्या धडधाकट माणसांचं माप आहे, तुझं त्याहून कमीच हवं. चार माणसांचं घर असेल तर महिन्याला तीन किलो झाले. तुझ्याकडे पाच किलो येत असेल तर माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर गेली, आणि त्यात बिस्किटं, मिठाई, बाटलीतलं सरबत धरलेलंच नाही. मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत सांगतात. म्हणजे एक किलोची पुडी चार माणसांना पन्नास दिवस पुरायला हवी, तीही लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ वेगळं न मोजता. तेलाचं म्हणशील तर बैठ्या कामाच्या माणसाला दिवसाला 20 ते 25 ग्रॅम पुष्कळ होतं. चौघांना महिन्याला तीन किलोच्या आसपास. खान्देशात शेवभाजीवर तर्री आली नाही तर पाहुण्याला राग येतो हे मला माहीत आहे, पण ती तर्री तीन किलोतूनच यायला हवी.

हा हिशोब एकदा स्वतःच्या अक्षरात समोर आला की बऱ्याच सबबी आपोआप गळतात. घरात डबा भरलेला ठेवायचा आणि मग रात्री अकरा वाजता स्वतःच्या मनाशी झुंजायचं, हा मूर्खपणा आहे. झुंज दुकानातच संपवावी. जे घरात आलंच नाही त्याला नाही म्हणावं लागत नाही.

आता सबबीबद्दल. आपण सीमेवरच्या गावात राहतो. आपलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे आणि स्टेशन मास्तरांची खोली तिकडे. अशा गावात एक वाक्य पोरसवदा वयापासून कानावर पडतं, हे आमच्या हद्दीत येत नाही. खाण्याच्या बाबतीत तू तेच करतोयस. सकाळचा नाश्ता बायकोच्या हद्दीत, दुपारचं ऑफिसच्या, संध्याकाळचं मित्रांच्या, आणि रोग आजोबांच्या. पण सुई टोचून रक्त काढतात ते तुझ्या बोटातून.

म्हणून कुठलंही कारण तोंडावर आलं की स्वतःला एकच विचार, यातलं माझ्या हातात किती होतं? बॉसनं पेढा पुढे केला, हे तुझ्या हातात नव्हतं. दुसरा उचलला तो तुझा हात होता. गाडी उशिरा पोहोचली, हे तुझ्या हातात नव्हतं. डबा न घेता निघालास ते होतं. असं वेगळं काढता आलं की अडचणीची सोय लावता येते. आणि कोणापुढे सांगताना, विशेषतः डॉक्टरांपुढे, मी खाल्लं एवढंच सांग. पुढची कहाणी जोडू नकोस. डॉक्टरांना औषध ठरवायला तेवढंच लागतं.

इथे एक गोष्ट मला फार गंभीरपणे सांगायची आहे. अडचण आणि सबब यांतला फरक तू दुसऱ्यांना लावायला जाऊ नकोस. आपल्या तालुक्यातली, जिल्ह्यातली माणसं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. पहाटे फडात उतरणारी बाई जे शिजेल ते खाते. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळच मिळत आला, म्हणून कितीतरी घरांतली नागली (नाचणी) आणि ज्वारी मागे पडली. तिथे कोणी सबब सांगत नाही, तिथे निवडीला जागाच नाही. नंदुरबार जिल्ह्याचं नाव कुपोषणासाठी घेतलं जातं. कमी खा, हा उपदेश ज्याचं ताट भरलेलं आहे त्यालाच करायचा. तुझं भरलेलं आहे. तुला निवडता येतं, आणि म्हणूनच तुझ्यावर जबाबदारी येते.

वायदेही ओळखायला शीक. आपल्याकडे वायद्यांना पंचांगच असतं. श्रावणात कानबाईचे रोट होऊ दे, मग पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी. दिवाळी झाली की लग्नसराई. लग्नसराई होते न होते तोच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आखाजीला आमरस-पुरणपोळी नाही तर सण कसला? या चक्रात मोकळा महिना सापडत नाही. म्हणून सण सोडू नकोस, सणातच सुरुवात कर. पुरणपोळी एक खा, दुपारी खा, त्या जेवणात भात घेऊ नकोस, आणि जेवल्यावर आडवा न होता गावाला चक्कर मारून ये. सण साजरा होतो आणि ताटही हाताबाहेर जात नाही. उपासाचंही तेच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि केळी, हा उपास मधुमेहाच्या माणसाला रोजच्या जेवणापेक्षा जड जातो.

सूनबाईचं म्हणशील तर तिच्या नावावर एकही सबब मी ऐकून घेणार नाही. भाकरी तिला येत नसेल तर तू शीक. पीठ ताजं दळलेलं असावं, पाणी कडकडीत घ्यावं आणि पीठ तळहातानं भरपूर मळावं. जुनं पीठ तुटतं, म्हणून एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आण. पहिल्या भाकरी वाकड्या होतील, त्याही पोटात सारख्याच जातात. गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतली एक गोष्ट लिहिली आहे. कस्तुरबा आजारी होत्या आणि गांधीजी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगत होते. बांनी ऐकवलं की हे तुम्हाला कोणी सांगितलं तर तुमच्यानंही सुटणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे दोन्ही वर्षभरासाठी सोडलं. डाळ सोड असं मी तुला मुळीच म्हणणार नाही. आपल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ती पोटभर खा. पण त्या गोष्टीतलं घेण्यासारखं एवढंच की ज्याला बदल हवा त्यानं आधी आपल्या ताटातून काढावं. तुझ्यासाठी घरात वेगळं शिजायला लागलं तर ते महिनाभर चालतं. सगळ्यांनी तेच खाल्लं तर वर्षानुवर्षं चालतं, आणि पोरांचंही भलं होतं.

सवय सुटत नाही, असं तू म्हणालास. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच गावात निघाला. पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. नीट शिजवलेल्या कोंबडीला धोका नाही, असं सरकार सांगत होतं, तरी राज्यभर लोकांनी कोंबडी आणि अंडी ताटातून काढली. रोज अंडं खाणारी माणसंही त्यात होती. नंतर भीती ओसरली आणि खाणं परत आलं, ते योग्यच झालं, अंड्यासारखं स्वस्त आणि चांगलं प्रथिन दुसरं नाही. मात्र ज्या माणसाला वाटतं की आपल्या जिभेवर आपला ताबा नाही, त्यानं ते दिवस आठवावेत. ताबा असतो. भीतीनं आलेला बदल भीतीबरोबर जातो, म्हणून स्वतः ठरवून केलेला हवा.

फिरतीची अडचण खरी आहे, तिची सोय सांगतो. सुरत-भुसावळ मार्गावर तुला दर स्टेशनावर खमण, फाफडा, समोसा दिसणार. भरल्या पोटी ते नुसते दिसतात, रिकाम्या पोटी बोलावतात. निघताना कळण्याच्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी फडक्यात बांधून घे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, भूक लांब जाते. मूठभर फुटाणे खिशात असू दे. ज्वारीत पॉलिशच्या तांदळापेक्षा तंतू तिपटीहून जास्त असतो, नागलीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण ज्वारी आहे म्हणून चार-चार भाकरी चेपायच्या नाहीत, पिठातलं स्टार्च शेवटी साखरच होतं. नागलीचंही तसंच, तिची पातळ आंबील झटकन साखर चढवते, भाकरी बरी. ताटात आधी भाजी आणि डाळ घे, भाकरी नंतर.

पंगतीत आग्रह होईल. तिथे आजाराचं पुराण लावू नकोस. वाढणाऱ्याला हात आडवा कर, हसून नको म्हण, आणि पुन्हा विचारलं तर वरण माग. आग्रह करणाऱ्याला काहीतरी वाढल्याचं समाधान हवं असतं, ते वरणानंही मिळतं.

आणि तरी कधी चुकशील. लग्नात जिलेबी खाल्ली जाईल. त्या वेळी आता दिवस वाया गेलाच, उद्यापासून बघू, हे मनात आलं की सावध हो. दिवस वाया जात नाही, फक्त एक जेवण चुकलं. पुढचं जेवण नीट घे. उपाशी राहून भरपाई करू नकोस. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवण आवरून उपाशीपोटीचा आकडा थोडा सुधारता येतो, पण तीन महिन्यांच्या सरासरीची जी एचबीएवनसी तपासणी आहे तिला असं फसवता येत नाही. ती दर तीन महिन्यांनी करून घे आणि कागद स्वतःच्या फायलीत लाव.

हल्ली दोनदाच जेवायची पद्धत खूप जण पाळतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती घराघरांत पोहोचवली, पुष्कळांची वजनंही उतरली. तुला करायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोल. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. अशा वेळी शुद्धीत असतानाच साखर किंवा गूळ लगेच तोंडात टाकायचा, तिथे पथ्य नाही. आपल्या भागात सिकलसेलची माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी तर उपाशी आणि तहानलेलं राहायचंच नाही, दुखणं उसळतं. आणि आकडा सुधारला म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

राहिलं घराण्याचं. आजोबांना साखर होती, हे खरं आहे. मग त्या वाक्याचा उपयोग कर. तुझ्या धाकट्या भावाला आणि बहिणीला या आठवड्यात तपासणीला घेऊन जा. तीस वर्षांवरच्या माणसाची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात.