जुनी मारुती घेताय? आधी पासिंगची तारीख पाहा

कौंडण्यपूर, कुऱ्हा, तिवसा या पट्ट्यात जुनी मारुती 800 किंवा अल्टो अजूनही चांगल्या दुचाकीपेक्षा कमी पैशांत मिळते. दवाखान्यासाठी अमरावती गाठायची तर चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे घरी चारचाकी असावी असं वाटणं साहजिक आहे. विकणारा म्हणतो, "गाडी एकदम ओके हाये भाऊ, चाबी लावा अन् निंघा." तुम्ही चाबी हातात घेण्याआधी आरसी मागा. या वयाच्या गाडीचा पहिला मोठा खर्च आरटीओत होतो.

आरसीवर नोंदणीची वैधता कधीपर्यंत आहे ते वाचा. खासगी कारची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे आपलं री-पासिंग. 15 वर्षांवरच्या कारला त्याचं शुल्क 5,000 रुपये. 20 वर्षं ओलांडलेल्या कारला ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, पाच वर्षांसाठी पेट्रोल गाडीला 3,000, डिझेलला 3,500. स्मार्टकार्डाचे 200 वेगळे. हिशेब करा: सोळा वर्षांच्या पेट्रोल गाडीला 8,200, एकवीस वर्षांच्या गाडीला 13,200. आणि मुदत उलटून गेली असेल तर प्रत्येक महिन्याला 500 रुपये विलंब शुल्क. दोन वर्षं पासिंगविना उभ्या गाडीवर 12,000 नुसते दंडाचेच चढलेले असतात. ती 'स्वस्तात' का निघाली, हे इथेच कळतं. ही रक्कम किमतीतून वजा करून मगच भाव बोला.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, असं सांगून पुढे विकताना कोणी तुमची चांगली गाडी मातीमोल भावाने मागेल. दिल्ली परिसरातला तो नियम महाराष्ट्रात खासगी गाडीला नाही. तपासणीत पास झाली तर ती चालवता येते.

री-पासिंगसाठी मुदत संपण्याआधी 60 दिवसांत अर्ज करता येतो. फॉर्म 25, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅनकार्ड, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. अर्ज आणि पैसे परिवहन पोर्टलवर भरायचे. गाडी मात्र तपासणीला न्यावी लागते. एजंटकडे जाणार असाल तर जा, पण एकरकमी आकडा मान्य करू नका. सरकारी पावती किती रुपयांची आणि त्याची मजुरी किती, हे दोन आकडे वेगळे मागा.

गाडी तुमच्या नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, शुल्क 300 रुपये. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा दिसला तर फॉर्म 35 आणि ना-हरकत पत्र विकणाऱ्यानेच आणावं. 'पैसे कधीचेच फिटले' यावर विश्वास ठेवू नका. गाडीचा नंबर टाकून ई-चलान तपासा. जुन्या मालकाची थकबाकी गाडीसोबत तुमच्याकडे येते. एलपीजी किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. नोंद नसलेलं किट पासिंगमध्ये अडतं आणि अपघातात विमा कंपनीला बोट ठेवायला जागा देतं.

एक एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते: चारचाकीला 745 रुपये, जीएसटीसह 879. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच नोंदवा, तसल्याच नावाच्या बनावट साइट पुष्कळ आहेत. पेट्रोल कारच्या पीयूसीला 125 रुपये. पण मारुती 800 बीएस-3 किंवा त्याआधीची गाडी आहे, तिची पीयूसी सहाच महिने चालते. 1000 सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा 2,094 अधिक जीएसटी, म्हणजे 2,471 रुपये. त्यात मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण जोडून घ्या. काहीशे रुपयांसाठी ते सोडू नका.

आता बोनेट उघडा. गाडी पाहायला सकाळी जा, आणि 'आधी सुरू करून ठेवू नका' असं कळवून जा. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. आत हिरवं किंवा लाल कूलंट दिसलं तर ठीक. विटकरी गढूळ पाणी दिसलं तर त्या गाडीने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलं आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट अशा खारपाणपट्ट्यातून आलेल्या गाडीत हे हमखास पाहा. क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात. हिवाळ्यात कळत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या घरात गेला, किंवा कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरवर रेंगाळली, की काटा वर जातो. मग ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा. तिथे दुधाच्या चहासारखा साका असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय, हेड गॅस्केट गेलंय. अशी गाडी तिथेच सोडा. रेडिएटर वेळेत बदलला तर अंदाजे तीन-चार हजारांत भागतं; इंजिन खोलावं लागलं तर पंचवीस-तीस हजारांची तयारी ठेवा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि दोन-अडीच हजार बाजूला काढा. तो रस्त्यात तुटला तर गाडी जागच्या जागी बंद, काही इंजिनांत वॉल्व्हही वाकतात, आणि टोचन करून अमरावतीला नेण्याचा खर्च बेल्टपेक्षा जास्त.

स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कट-कट आवाज आला तर एक्सल गेलाय. त्याचं रबरी बूट फाटतं, काळ्या मातीचा चिखल आत शिरतो. बूट काहीशे रुपयांचं, एक्सल काही हजारांचा. पेट्रोलचा वास येत असेल तर इंधनाचे पाइप लगेच बदला. सध्याच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर लवकर खराब होतं, ॲव्हरेजही थोडं घटतं. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: 1419 म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. असे जुने टायर उन्हात फुटतात; चार नव्या टायरांना दहा-बारा हजार लागतील.

सगळ्यात शेवटी पायाखालचं मॅटिंग उचला आणि पत्र्यावर अंगठा जोरात दाबा. पत्रा दबला किंवा पापुद्रा निघाला तर सौदा मोडा. इंजिन दुरुस्त होतं. सडलेल्या तळाला वेल्डिंगचं ठिगळ दोन पावसाळे टिकलं तरी पुष्कळ.

सुट्या भागांची चिंता करू नका. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, तरी तिचं सामान अमरावतीत आणि नदीपलीकडे आर्वीत मिळतं. मात्र जुना भाग परत मागा आणि नव्याचं खोकं स्वतः पाहा. बिलात कंपनीचा भाग लिहून डुप्लिकेट बसवण्याचा प्रकार सर्रास चालतो.

गाडीच्या किमतीशिवाय पहिल्या वर्षासाठी किमान वीस हजार, पासिंग जवळ आलं असेल तर तीस हजार हाताशी ठेवा. आणि पुढे ती भंगारात काढायची झाली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, आरटीओत नोंदणी रद्द करा. रद्द झाल्याचा कागद मिळेपर्यंत त्या गाडीची जबाबदारी तुमच्याच नावावर असते.